व्हीसीआरमध्ये बिघाड न्हाय

असं कसं म्हणता रावजी, बिघाड न्हाय? नीट बघा की! आवो, गावातल्या समद्यांनी बटनं दाबून बघितली — दिवा लागतो, पर कॅसेट फिरंना, काय हुईना, नुसती मुकी बसायची. आन् तुमी एक बटन दाबलं आन् लगेच चित्र आलं? काय म्हणता, टायमर? हे घड्याळाचं बारकं चित्र दिसत हुतं, ते? ते लावलं की बाकीची बटनं चालतच न्हायत? अस्सं. आपण घरात नसलो तरी टीव्हीवरचं आपोआप भरून घ्यायला, व्हय. बरं, पर आतनं बी काय तरी गेलं आसंल. उघडा, स्क्रू काढा. हेड गेलं आसंल. तुमी कारागीर मानूस, शोधलं तर काय तरी सापडंलच की.

न्हाय हो, राग मानू नका. तुमच्यावर इस्वास हाय म्हणून तर बावड्याहून बारामतीपतूर मांडीवर घिऊन आलोय. आता कसं सांगू तुमाला — ही मशीन माज्या शालनच्या लग्नात दिलेली. सांगवीला दिलीया पोरगी. जावई, विजयसिंह, हितंच मार्केट यार्डात गेल्यात, येतीलच जीप घिऊन. मशीन नीट झाली की मशीन आन् बायकू दोनी संगंच न्यायच्या, असा निरोप हाय त्यांचा. म्हणून म्हणतो, त्यांना सांगा, पार्ट पुण्यावरनं मागवावा लागतोय, म्हैना तरी जाईल. येवढं एक खोटं बोला माज्यासाठी. तुमचं काय जातंय त्यात?

का म्हणून काय इचारता! पंचमीला मूळ धाडलं, आमचा सोमनाथ गेला हुता भनीला आणायला — इहीणबाई म्हणाल्या, रानात कामं हायत, न्हाय जमायचं. दिवाळीला मी सोता गेलो, तर मला बी चहा पाजला आन् वाटंला लावलं. पोरगी दारात उभी, पदर तोंडाला. आन् मशीन बंद पडली तवा मातूर — ‘तुज्या बापानं भंगार दिलंय, जा, नीट करून आण’ — त्याच दिवशी यष्टीत बसवलं! आमाला वाटलं देवच पावला. घरी आली आन् झोपली, नुसती झोपतीच हाय. तिच्या आयेनं न्हाऊ घातलं, तर दंडाला वळ. म्हणती, म्हशीनं दावं वढलं. आता मला सांगा रावजी, म्हशीचं दावं दोनी दंडाला कसं लागंल? सारी हयात म्हशीत गेली माजी, मला कळत न्हाय व्हय? पर गप बसलो. जाऊ द्या, तुमाला कशाला सांगत बसलो मी. तुमी आपलं ते पार्टाचं तेवढं बघा.

थांबा, थांबा. काय म्हणालात? चुकून हात लागून हुत न्हाय? आधी तारीख घालायची, मग येळ, मग च्यानल, आन् मग ते बटन — तवाच लागतं? मग लावलं कुणी? जावयाला ते येत न्हाय, त्यास्नी कॅसेट घालायला बी हिलाच हाक मारावी लागती. इहीणबाई शॉक बसंल म्हणून लांबनंच बघत्यात. त्या घरात ह्या मशीनीचं कळतं ते एका शालनला. बारावी झालीया माजी पोरगी! खोकं घरी आलं तवा ते इंग्रजी पुस्तक वाचून तिनंच समदं लावलं हुतं. मला दाखवलं बी हुतं हे घड्याळ — ‘आबा, हे लावलं की कुणी किती बी दाबा, कायच हुत न्हाय.’ मी हसलो आन् इसरून गेलो.

म्हंजी... म्हंजी तिनंच व्हय? आरं देवा! घरी यायला मिळावं म्हणून चांगली मशीन बंद पाडली माज्या लेकरानं! बापाला तोंडानं सांगता येईना, म्हणून हे केलं. आन् मी खुळा — शानपना करून घिऊन आलो दुरुस्तीला! निघताना दारात उभी राहून बघत हुती माज्याकडं. म्हणाली, ‘आबा, घाई कशाला करताय?’ मला वाटलं, उन्हाचं म्हणती.

न्हाय, पानी नको. काय झालं न्हाय मला. ते पार्टाचं ऱ्हाऊ द्या आता. पुण्याचं नाव बी काढू नका. पुसा ती मशीन, वायरी गुंडाळा, ठिवा हितं म्होरं. हॉर्न वाजला बघा — आलीच जीप. त्यांनी इचारलं तर खरं तेच सांगा, मशीन एकदम चांगली हाय, घरी जाऊन लावली की चालू. पोरीचं तुमी बोलू नका, ते मी बोलतो. आजवर न्हाय बोललो, आता बोलतो. तुमी जरा आत जावा, रावजी. जावा म्हणतो ना!

या विजयसिंहराव, या. बसू नका, उशीर हुईल तुमाला. ही घ्या मशीन. येवढीच न्यायची हाय.