थोरल्याचे गुडघे

नाही हो ताई, फसवणूक कसली? बाथरूमच्या फरशीसाठी मला बोलावलंत, मी आलोय की! — आलोय आणि तुमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलोय, हे खरं. आत काम करतेय ती माझी पोरगी. तिने बसवलेल्या फरशीला लेव्हल लावून बघा हवं तर. मला खाली बसवलंत तर उठवायला शेजारपाजारी बोलवावे लागतील — दोन्ही गुडघ्यांतली गादी गेलीय, हाडावर हाड घासतं. आलो तेव्हा आवाज ऐकलात ना? तुम्ही दाराच्या बिजागरीकडे बघत होतात — दार नाही हो, मी करकरतो.

आमच्याकडे हे पिढीजात. बाप फरशीवाला, आजा फरशीवाला, दोघेही शेवटी बदकासारखे डुलत चालायचे. लोकांना वारशात जमीन मिळते, आम्हाला गुडघे! आम्हाला वाटायचं, दुसऱ्यांच्या घरात रांगून रांगून हे होतं. म्हणून ठरवलं, थोरल्या पोराला थापीला हात लावू द्यायचा नाही, खुर्चीत बसवायचा. बसवला! ऑफिसात चाकांची खुर्ची आहे साहेबांची — पाणी प्यायलासुद्धा उठत नाही, खुर्चीसकट सरकत जातो. आणि ही पोरगी मागे लागायची, बाबा मला शिकवा. मी म्हणायचो, फरशी म्हणजे भरतकाम वाटलं का तुला? मग एकदा जिन्याचं काम चालू असताना माझा गुडघा जो अडकला, तो सुटेना. ही डबा घेऊन आली होती. मला भिंतीला टेकवलं आणि उरलेल्या पायऱ्या हिनेच बसवल्या. कुठे शिकली? — माझ्या पाठीमागे उभी राहून, दुसरं कुठे! मालक येऊन म्हणतो कसा, आज तुमचा हात काही औरच लागलाय. माझ्या तोंडावर!

तर परवा थोरला घरी आला — आणि जिना चढतोय कठड्याला धरून, डुलत. बदक! अजून चाळिशी नाही गाठली. मीच नेला डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, आनुवंशिक आहे. मी म्हटलं, अहो, हा आयुष्यात कधी गुडघ्यावर बसला नाही! तर म्हणाले, जनुकं आईबापांकडून येतात, पण कुठलं जागं राहणार आणि कुठलं झोपणार, हे नंतरही ठरत राहतं — वजनाने, लागल्या-खुपल्याने, नुसतं बसून राहण्याने. जनुकांवर म्हणे बारीक बारीक खुणा बसतात. मजकूर तोच, पण वाचायचा की सोडायचा ते खूण सांगते. मी विचारलं, मग पुसता येतात का त्या? तर म्हणे, संशोधन चालू आहे. झालं! तोवर वजन उतरवा, मांड्या बळकट करा, चाला. मी म्हटलं, शेवटी दोष कुणाचा ते सांगा. म्हणाले, अर्धं तुमच्याकडून आलं, अर्धं त्याने जागवलं, यात दोष कसला. छान! बाहेर आल्यावर थोरला म्हणतो, "बाबा, तुम्ही मला वाचवलंत असं वाटत होतं ना तुम्हाला?" आणि हसला. मीही हसलो — त्याच्यापेक्षा मोठ्याने हसलो, रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

आणि ही बघा! दिवसभर रांगते आणि चेंडूसारखी उठते. डॉक्टरांना विचारलं होतं, हिच्यातही आलं असेल का? म्हणाले, असेलही, नसेलही. मी म्हणतो नाहीच आलेलं. ही आईवर गेलीय, आईचे पाय काय खणखणीत — काय? तुम्ही बघितलं? मघाशी? भिंतीला हात लावून उठली? अहो, ओल्यात तोल जातो माणसाचा —

हो. मीही बघितलं. बरेच दिवस बघतोय. उठायच्या आधी मी बघतोय का ते बघते, आणि मी मान फिरवतो. माझा बापही असाच मान फिरवायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला कळत नाही. बोलायचं म्हणजे थापी काढून घ्यायची हो तिच्या हातातून. ती गाणं म्हणते काम करताना, ताई. मी कधी गाणं म्हटलं नाही —

गप्प, हाक मारतेय. काय गं, सिमेंट संपलं? बस, बस तू, उठू नकोस, मी आणतो. — आणि ताई, तुम्ही बाथरूमच्या दारात कशाला उभ्या? ओली फरशी आहे, व्हा मागे.