वीस व्हायोलिन आणि एक माग

अरे, मी संगीत दिलेल्या त्या नृत्यनाटिकेत सगळे जिथं रडतात ना, ती जागा माझी नाहीच. विणकराची बायको मरते, तिथं मी वीस व्हायोलिन लावली होती. रेकॉर्डिंग घरी बाबांना ऐकवलं. बाबांनी सक्करदऱ्यात जन्मभर हातमाग चालवला.

"चांगलं आहे गा," बाबा म्हणाले. "पण तुही माय गेली त्या दिवशी घरात तुले काय ऐकू आलं?"

"काहीच नाही. तुम्ही माग थांबवला होता."

"मंग हे एवढे व्हायोलिन काहून वाजवून राहिला?"

मी व्हायोलिन काढली. संगीताखाली सुरुवातीपासून मागाची खटखट ठेवली आणि बायको मरते तिथं सगळंच बंद केलं.

प्रयोगाला बाबा माझ्या शेजारी बसले. त्या खटखटीवर खुर्चीखाली त्यांचे पाय माग चालवत होते. खटखट थांबली, तसे तेही थांबले.