वेणीमाधवचा गुलाबी उन्हाळा

...आणि वर मलाच विचारतो, "पान गुलाबी का असू नये?" अहो असू दे ना बाबा, जांभळं असू दे, पण दिंडोरीच्या माणसाला दाखवू नकोस! तुम्हाला सांगतो, आमचा वेणीमाधव म्हणजे सातपूरला कंपनीच्या पेंट शॉपमध्ये उभा जन्म काढलेला माणूस, आणि तिथं रंग किती? एक. राखाडी! लोखंड राखाडी, हात राखाडी, डब्यातली मेथी उरली तर तीही घरी यायची राखाडी होऊन... निवृत्त झाला त्या दिवशी बायकोला म्हणाला, "कुसुम, आता उन्हाळा रंगवणार. भडक!" वहिनी म्हणाल्या, "आधी गॅलरीचं ग्रिल रंगवा."

ऐकतोय कशाला? भर वैशाखात दिंडोरीला, धोंडीराम म्हणून बागाईतदार आहे त्याच्या द्राक्षबागेच्या बांधावर हा ठाण मांडून. ऊन असं, की ब्रश पाण्यात बुडवला की चुर्र वाजायचं, आणि रंग कागदावर टेकायच्या आत वाळून उडायचा; एकदा तर उडालेला पिवळा शेजारच्या म्हशीवर बसला, ती आठवडाभर हळद लागल्यासारखी लाजत होती, खोटं नाही सांगत! पण चित्र झालं हो. आभाळ केशरी, माती किरमिजी आणि पानं... गुलाबी, पिवळी, मधे निळे ठिपके. उन्हाळा नुसता पेटला होता! आणि त्याला हवं काय होतं? एवढंच, की कुणीतरी समोर उभं राहून म्हणावं, "वा, काय रंग!" पण चित्र बघतो कोण?

धोंडीरामला दाखवलं. त्यानं चष्मा पुसला, पान न् पान न्याहाळलं, आणि त्याचा चेहराच पडला. "भाऊ, हा तर लाल कोळी हे, कीड. उन्हाळ्यात लय पडतो. माझ्या कोणत्या ओळीत दिसला?" आणि पळाला की फवारणीचा पंप काढायला!

वेणीमाधव म्हणाला, रसिक शहरात असतात. नाशकात हॉल घेतला, प्रदर्शन लावलं. आलं कोण? धोंडीरामनं जीप भरून आणलेले बागाईतदार! "पिवळं पडलंय, मॅग्नेशियम कमी हे." "छ्या, करपा हे करपा." "पाणी जास्त झालं अण्णा, मुळी कुजली." हा बिचारा ओरडतोय, "अहो, प्रकाश आहे तो, प्रकाश!" तर एक म्हातारा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो, "नवी कीड हे का? खचू नका, वेळेत फवारलं की जातो प्रकाश..." आता सांगा, चित्र बघतो कोण?

तेवढ्यात गर्दीतून एक जण पुढं आला. "मला हे चित्र पाहिजे." वेणीमाधवचे डोळेच भरले हो! गहिवरून म्हणाला, "घरात कुठं लावणार?" "घरात कशाला? दुकानात! दिंडोरीला शेतीच्या औषधांचं दुकान हे आपलं."

लावलं. बुरशीनाशकांच्या बाटल्यांवर, खाली पाटी: 'अशी पानं दिसल्यास ताबडतोब भेटा.'

परवा हा वहिनींना घेऊन गेला चित्र परत मागायला. बघतो तर काय, दुकानात ही झुंबड, आणि जो तो चित्राकडे बघतोय! चित्राच्या कोपऱ्यात याची सही, ठळक, लाल: 'वेणीमाधव'. ती वाचून एक शेतकरी हातातलं सुकलेलं पान नाचवत ओरडला, "शेठ, आमच्या बागेवर पण वेणीमाधवच पडलाय! औषध द्या लवकर!"

शेठ तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "त्याला औषध नाही हो, दादा. मी लग्नापासून शोधतेय."