धाकटा बोल्ट

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसलो होतो. शेजारून दोन बहिणींचे आवाज तरंगत येत होते.

“ताई, तुमच्या गोदामात नवं सॉफ्टवेअर चाललं म्हणे? आमच्याकडे सगळे परत वहीवर आले.”

“तुम्हाला कुणी काही विचारलं होतं का? आमच्याकडे सॉफ्टवेअर बनवायला आलेली मुलगी आठ दिवस माझ्याशेजारी स्टुलावर बसली. त्या बारक्या बोल्टला मी धाकटा म्हणते, तर तिनं संगणकातही ‘धाकटा’च लिहिलं.”

“अगंबाई!”

“आता स्वप्नात कप्पे दिसतात. नुसती हाक मारली की धाकटा आपणहून हातात येतो.”

“म्हणजे आता कुठं काय ठेवलंय ते संगणकच सांगतो, तुझ्यावाचून कुणाचं अडत नाही?”

“पूर्वी रजेच्या दिवशी दहा फोन यायचे. परवा एकही आला नाही.”

“सुटलीस बाई!”

“हो ना. दिवसभर फोन उशाशी घेऊन पडले होते.”