छातीत कोंडलेली हवा

मी, जखमी रंगाऱ्याची पत्नी, वय ३६ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, तिसरा मजला, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती व माझा धाकटा भाऊ असे तिघे राहतो. भाऊ टेम्पो चालवतो. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. गाडी चालवायला त्याला माझ्या पतींनीच शिकवले.

काल सकाळी साडेदहाच्या सुमारास पती एका शाळेची भिंत रंगवताना शिडीवरून पडले. भावाने त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेले व मला फोन केला. मी अकराला पोहोचले. पती अपघात कक्षात खाटेवर होते. "काही नाही गं, बरगडीला लागलंय," असे म्हणाले. छातीचा फोटो काढायचा होता, पण त्या खोलीत दुसरा रुग्ण होता, म्हणून आम्ही थांबलो.

अकरा वाजून दहा मिनिटांनी पतींना एकाएकी धाप लागली. तोंडून शब्द फुटेना. ओठ निळे पडले, मानेच्या शिरा फुगल्या. ड्युटीवरील डॉक्टर बाई धावत आल्या. वयाने माझ्या भावाएवढ्याच असतील. त्यांनी छाती दोन्ही बाजूंनी तपासली व नर्सला म्हणाल्या, "उजवीकडे श्वासच ऐकू येत नाहीये. मोठी सुई द्या, लगेच."

भाऊ म्हणाला, "आधी फोटो काढा ना! न बघता काय टोचताय?"

त्या म्हणाल्या, "फुप्फुसाला भोक पडलंय. छातीत हवा कोंडलीय, ती हृदय दाबतेय. फोटोला नेलं तर हे वाटेतच जातील. बाजूला व्हा."

सुई बोटाएवढी लांब होती. ती छातीला टेकली तोच भावाने डॉक्टर बाईंना दोन्ही हातांनी धक्का दिला. त्या लोखंडी ट्रॉलीवर आदळून खाली पडल्या. त्यांचे उजवे मनगट वाकडे झालेले मला दिसले. मी भावाला मागून मिठी मारून धरले. तो "भाऊजी, भाऊजी" असे ओरडत होता. पतींचे डोळे फिरले होते.

डॉक्टर बाई उठल्या. नर्सने बरगडीवर बोट ठेवून जागा धरली व बाईंनी दुसरी सुई डाव्या हाताने आत घातली. चाकातली हवा सुटावी तसा आवाज झाला. भाऊ माझ्या हातातच खाली बसला. मग पतींनी श्वास घेतला. किती वेळाने, ते मला सांगता येणार नाही.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी छातीत नळी बसवली. पती आज शुद्धीवर आहेत. डॉक्टर बाईंच्या मनगटाचे हाड मोडल्याचे नर्सकडून समजले. मी त्यांना भेटून आले. आमचे काय बोलणे झाले ते यात लिहू नये.

आज सकाळी भाऊ म्हणाला, "ताई, त्यांचा पाय घसरला असं सांग. तुझं ऐकतील." मी त्याला जेवायला वाढले व इकडे आले. डॉक्टर बाई घसरलेल्या नाहीत. तिथली फरशी कोरडी होती.

हा सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'धक्का दिला' याऐवजी 'धक्का लागला' लिहायचे का, असे हवालदारांनी दोनदा विचारले. मी नको म्हणाले. लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.