दार मी तोडले

नाव पहिल्या पानावर नोंदले आहे. वय ६८ वर्षे. धंदा शिवणकाम, अजून चालू. राहणार व्यायाम हॉलच्या मागची इमारत, तळमजला. घरात इतर माणसे : कोणी नाही.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, आमचा योगासनांचा वर्ग हॉलमध्ये रोज सकाळी साडेसहाला भरतो. मंगळवारी शिक्षिका व आम्ही सहा जणी हजर होतो. घड्याळबाई आल्या नव्हत्या. त्या निवृत्त गणित-शिक्षिका, वय ७४. आम्ही त्यांना याच नावाने हाक मारतो, कारण दोन वर्षांत त्या एकदाही चुकलेल्या नाहीत. सव्वासहाला मॅट टाकून बसलेल्या असतात. सहा चाळीसपर्यंत वाट पाहिली. फोन वाजून वाजून बंद झाला. शिक्षिका म्हणाल्या, "उठा गं. आजचा वर्ग जिन्यात."

त्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने, एकट्या राहतात. लिफ्ट दुरुस्तीला बंद होती. आम्ही जिना चढलो. एकीलाही धाप लागली नाही. हे विचारलेले नाही, तरी लिहून घ्यावे.

दाराला कान लावला तर आतून ठकठक येत होती. मी ओरडले, "बाई, आहात ना?" आतून आवाज आला, "पडलेय मी." एवढेच. घरमालकांना फोन लावला. ते परगावी होते. म्हणाले, "संध्याकाळी येतो, तोवर दाराला हात लावायचा नाही." मी फोन ठेवला. जिन्यातले आग विझवायचे सिलिंडर काढले आणि लॅचवर हाणले. चौथ्या घावाला लॅच तुटले. मला कोणी सांगितले नव्हते.

घड्याळबाई न्हाणीघराच्या दारात पडलेल्या होत्या, आदल्या संध्याकाळपासून. अंग गार. हातात साबणाची डबी, तिनेच फरशीवर ठोकत होत्या. मला म्हणाल्या, "किती वाजले?" मी म्हटले, "सात." त्या म्हणाल्या, "उशीर झाला मला." मी त्यांच्या अंगावर चादर घातली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

रुग्णवाहिका सात वीसला आली. जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. रुग्णवाहिकेवरचा माणूस म्हणाला, "खालून चार गडी बोलवा." शिक्षिका म्हणाल्या, "सहा जणी उभ्या आहेत की!" त्याने पाय बांधून दिला. दोन मॅट एकावर एक घालून बाईंना त्यावर घेतले. तिघी इकडून, तिघी तिकडून. शिक्षिका पुढे, उलट्या पावली उतरत : "कमरेने नाही, मांड्यांनी! श्वास सोडत खाली. एक." चोपन्न पायऱ्या. एकदाही टेकवले नाही. खाली आल्यावर त्या माणसाने विचारले, "ट्रेनिंग कुठे घेतलंत हो?" आम्ही सगळ्या एकदम हसायला लागलो. दोघी रडतही होत्या.

मांडीच्या हाडाचे ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर अवघड होते. आता चालतील.

घरमालकांची तक्रार खरी आहे. दार मी तोडले. सुताराकडून नवे लॅच मी बसवून दिले आहे. तशीच वेळ आली तर पुन्हा तोडीन. त्याच दिवशी मी माझ्या घराची दुसरी किल्ली शिक्षिकांकडे ठेवायला दिली. बाकीच्या पाच जणींनीही दिली.

जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "सहा वृद्ध महिलांनी" असे टंकले होते. "वृद्ध" हा शब्द मी खोडायला लावला व तेथे वेगळी सही केली. आता जबाब मी सांगितला तसाच व बरोबर आहे.