डायलवरच्या तीन जागा

(पदवीदानाचा हॉल. स्टेजच्या पायरीशी कॅमेरा घेतलेली ताई आणि तिच्यासोबत काम करणारा धाकटा भाऊ. खुर्च्या भरत आल्या आहेत.)

ताई : फोटो पुन्हा हललाय. हा बघ, खुर्चीच्या पाठीला दोन-दोन कडा दिसताहेत.

धाकटा : लेन्स नीट बसली नसेल. काढून परत लाव.

ताई : लावली. काल कॅमेरा तुझ्याकडे होता. काय केलंस?

धाकटा : काही नाही गं, साफसफाई. डायलवर सी-वन, सी-टू, सी-थ्री, तिन्ही जागी तू जवळजवळ एकच सेटिंग भरून ठेवलं होतंस. रंग तोच, फोकस तोच, फक्त शटरचा वेग वेगळा. मला वाटलं, गडबडीत तीनदा सेव्ह झालं.

ताई : आणि?

धाकटा : आणि कॉलेजवाले मागे कुरकुरले होते ना, फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसतं म्हणून? शटर एवढं पळवलं की उजेड कमी पडतो, मग आयएसओ चढवावा लागतो, मग दाणे येणारच. मी शटर हळू केलं, एकशेपंचवीसवर आणलं, आयएसओ उतरवला आणि तिन्हीकडे तेच सेव्ह केलं. म्हटलं, ताई खूश होईल.

ताई : तिन्हीकडे?

धाकटा : चुकून डायल फिरला तरी घोटाळा नको.

ताई : मला विचारायला तोंड दुखत होतं?

धाकटा : अगं पण एकशेपंचवीसला हलायचं काही कारणच नाही. मुलं येतात, हात मिळवतात, क्षणभर थांबतात. दे इकडे. हे बघ, त्याच जागेवरून, त्याच सेटिंगवर. खुर्चीवरचा ओरखडासुद्धा दिसतोय. मग तुझाच कसा हलला?

ताई : कॅमेरा दे. पहिली रांग उठतेय.

धाकटा : ताई, हात दाखव.

ताई : भविष्य सांगणार आहेस?

धाकटा : दाखव ना. अगं... हे कधीपासून?

ताई : हळू बोल. प्राचार्यबाई मागेच आहेत.

धाकटा : कधीपासून, ताई?

ताई : सी-वनमध्ये अडीचशे भरलं तेव्हापासून. शटर पळवलं की थरथर झाकते. मग ते पुरेना, म्हणून सी-टूमध्ये पाचशे. या उन्हाळ्यात सी-थ्रीत हजार.

धाकटा : आणि मी ते कचरा समजून पुसलं.

ताई : आता तोंड पाडून बसू नकोस. डॉक्टरांना दाखवलंय. गोळ्या चालू आहेत. म्हणाले, सावकाश वाढत जाईल.

धाकटा : एकटी गेलीस?

ताई : मग काय वरात न्यायची होती?

धाकटा : आज मी काढतो. तू बस.

ताई : आणि उद्या? हात थरथरणाऱ्या बाईला फोटो काढायला कोण बोलावतं? एकदा कुणाच्या लक्षात आलं की संपलं. मला दुसरं काही येत नाही रे. भीती वाटते. एकेका मुलाला एकच फोटो मिळतो, त्याची आई तो भिंतीवर लावणार. हलला तर त्याला परत स्टेजवर कोण चढवणार?

धाकटा : तेच म्हणतोय मी. मग दे ना माझ्याकडे.

ताई : देईन. येईनासं झालं की देईन. अजून येतंय मला.

धाकटा : बरं. सी-थ्री. शटर हजार. आयएसओ?

ताई : सहा हजार चारशे. पडू दे रवा.

धाकटा : सेव्ह केलं. घे, एक काढून बघ.

ताई : हं.

धाकटा : दाखव. कडेला किंचित...

ताई : दिसतंय मला.

धाकटा : दोन हजार करू?

ताई : अंधार होईल.

धाकटा : गाडीतून स्टँड आणतो, पळत जातो.

ताई : नाव पुकारलं पहिलं. कुठे जाऊ नकोस. ये इकडे, माझ्या डाव्या बाजूला. आणखी जवळ. दुसऱ्या हातात बॅगेतला तो बंद पडलेला फ्लॅश धर, म्हणजे कामाला उभा आहेस असं वाटेल.

धाकटा : धरला.

ताई : आता माझ्या कोपराखाली हात दे. कुणाला दिसणार नाही असा.